राडारोड्याच्या खडीचा बेस : डेन्सिटी पुन्हा पुन्हा फेल होते तेव्हा काय तपासायचं

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. ‘तोडलेल्या काँक्रीटची खडी बेसला घेतली. रोलरचे दहा पास झाले, बारा झाले, तरी डेन्सिटी ९४-९५ टक्क्यांवर अडकलीय. ९८ हवी. ओलावा तर लॅबने सांगितला तेवढाच आहे. मग चुकतंय कुठे?’

बेस म्हणजे रस्त्याच्या वरच्या थराखालचा खडीचा थर, आणि डेन्सिटीचे टक्के लॅबमध्ये त्याच मालाला मिळालेल्या सर्वाधिक घनतेच्या हिशेबाने. आता यातलं ओलाव्याचं वाक्य नीट वाचा. ओलावा बरोबर आणि तरी माल बसत नाही, असं काळ्या दगडाच्या खडीत सहसा होत नाही. काँक्रीटच्या खडीत होतं, आणि दर नव्या साइटवर नव्याने होतं, कारण मागच्या साइटवर शिकलेला माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो.

मी रस्त्याच्या कामांवर क्वालिटीची लॅब सांभाळतो. पुण्याभोवतीच्या टेकड्या खाणींनी कशा पोखरल्यात ते रोज जाता-येता दिसतं आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रात्री ओढ्याच्या काठावर रिकामा झालेलाही दिसतो. म्हणून या खडीची बाजू मी बऱ्याच मीटिंगमध्ये घेतली आहे. डेन्सिटीचे दोन रिपोर्ट फेल झाले आणि ‘हा माल उचला, नेहमीची खडी आणा’ असा निरोप आला की मनापासून वाईट वाटतं.

कागदोपत्री आता अडचण नाही. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम २०१६ साली आले. २०१७ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने आयआरसी १२१ ही रस्त्यांत हा माल वापरण्याची मार्गदर्शिका काढली. पुण्यात वाघोलीला, मुंबईच्या राडारोड्यासाठी दहिसरला आणि शीळ-डायघरला प्रक्रिया केंद्रं आहेत. माल मिळतो, परवानगी मिळते. घोडं अडतं ते साइटवर, पाण्याशी.

आधी एक खडा फोडा

ढिगातून लिंबाएवढा एक खडा उचला. आपल्याकडचं काँक्रीट काळ्या दगडाचंच, म्हणून एका अंगाला काळा बेसाल्ट दिसेल आणि बाकीच्या अंगाला राखाडी मॉर्टरचा लेप चिकटलेला असेल. खडा दहा मिनिटं पाण्यात ठेवा, काढून पुसा आणि हातोडीने मधोमध फोडा. बेसाल्टचा भाग आत जसा होता तसाच. मॉर्टरमध्ये मात्र कडेने गडद ओली किनार आणि आत फिकट, कोरडा गाभा दिसेल. दुसरा तसाच खडा रात्रभर बुडवून सकाळी फोडा. गाभाही गडद झालेला असेल.

या दोन खड्यांमध्ये जो फरक दिसतो, तोच तुमच्या फेल रिपोर्टमध्ये लपलेला असतो.

चांगल्या बेसाल्टचं पाणीशोषण एक-दीड टक्क्याच्या आसपास असतं. काँक्रीटच्या खडीचं ४ ते ८ टक्के सहज येतं, चुऱ्याचं त्याहून जास्त. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये बेसच्या खडीचं शोषण २ टक्क्यांच्या वर गेलं तर साउंडनेस टेस्ट (खडीच्या टिकाऊपणाची चाचणी) करायला सांगितलं आहे. ती टेस्ट होते, कागद फाइलला लागतो. पण शोषणाचा आकडा पग मिल (खडीत पाणी कालवणारं मशीन) चालवणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि खरी गरज त्यालाच असते.

रोलरखाली दाणे एकमेकांवरून सरकून बसायचे असतील तर पाणी दाण्यांच्या बाहेर, चुऱ्यात हवं. दाण्याच्या पोटात गेलेलं पाणी ओव्हनमध्ये मोजलं जातं, पण रोलरच्या उपयोगी पडत नाही.

मला हे कसं कळलं

एका सर्व्हिस रोडचं काम होतं, एप्रिलचा महिना, १५० मिमीचा थर. लॅबमध्ये प्रॉक्टर (मालात वेगवेगळं पाणी घालून ठोकून बघण्याची टेस्ट) करून एमडीडी, म्हणजे सर्वाधिक कोरडी घनता, २.०२ आणि ओएमसी, म्हणजे ती मिळते तेव्हाचा ओलावा, ८.८ टक्के काढली होती. साइटवर ओलावा ८.७, ८.९ येत होता, अगदी हवा तसा. डेन्सिटी मात्र १.९१, १.९०. म्हणजे ९४ ते साडेचौऱ्याण्णव टक्के. मी आधी सँड रिप्लेसमेंटच्या (थरात खड्डा करून वाळूने घनता मोजण्याच्या) वाळूवर संशय घेतला, वाळू पुन्हा चाळून कॅलिब्रेट केली. मग रोलर बदलला. मग पास वाढवले. आठवडा असाच गेला.

शेवटी रोलरवरच्या मामांना विचारलं, ‘मामा, पास कमी पडतायत का हो?’ ते खाली उतरले. थरातला मूठभर माल उचलला, दाबला आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली. माल गोळा न धरता बोटांतून भुरभुरला.

‘साहेब, मगाशी मिलवर हाच माल लाडवासारखा वळत होता. मी बघितलंय. वाटेत पाणी गेलं कुठं? खडी प्याली की.’

मिलपासून साइट १४ किलोमीटर होती. डंपरची रांग, पेव्हरची वाट, सगळं धरून मिक्सिंगपासून रोलरपर्यंत दोन तास सहज जात होते. त्या दिवशी मी मिलच्या तोंडाशी, डंपरमध्ये आणि पेव्हरच्या मागे असे तीन नमुने घेतले. ओव्हनमध्ये तिन्हींचा ओलावा जवळपास सारखा आला. मुठीत मात्र पहिला ओला लागत होता आणि तिसरा कोरडा. पाणी उडालं नव्हतं, दाण्यांत शिरलं होतं.

आणि लॅबची चूक माझीच होती. आमच्या लॅबच्या मुलाने कोरड्या मालात पाणी घालून, कालवून, लगेच मोल्डमध्ये ठोकायला सुरुवात केली होती. त्या पाच-दहा मिनिटांत दाणे अर्धवटच प्यायले होते, म्हणून कमी पाण्यातही माल छान बसला. तोच आकडा आम्ही साइटवर नेला. तिथे दाण्यांना दोन तास मिळाले, त्यांनी आपला वाटा पुरा घेतला आणि चुऱ्याला काही उरलं नाही. मग प्रत्येक पॉइंटचा माल पाणी घालून रात्रभर पिशवीत बांधून ठेवला आणि सकाळी प्रॉक्टर केली. एमडीडी २.०१, म्हणजे जवळपास तीच. ओएमसी १०.८. दोन टक्के पाण्याने आमचा आठवडा खाल्ला होता.

तेव्हा पहिला प्रश्न लॅबला विचारा : प्रॉक्टरचा माल पाणी घालून किती वेळ ठेवला होता? उत्तर ‘लगेच केली’ असं आलं तर तुमची निम्मी तक्रार तिथेच सुटते.

पाण्याचा हिशेब

समजा, पावणेचार मीटर रुंदीचा, १५० मिमी जाडीचा १०० मीटरचा तुकडा एका दिवसात करायचाय. दाबलेला थर ५६.२५ घनमीटर. ९८ टक्के डेन्सिटीला कोरडा माल साधारण १११ टन लागतो. १०.८ टक्क्यांनी पाणी झालं १२ टन. ढिगात आधीचा ओलावा २ टक्के धरला तरी वरून जवळपास ९,८०० लिटर घालायचंय. दहा हजार लिटरचा अख्खा टँकर.

बेसाल्टच्या डब्ल्यूएमएमला (पाणी घालून कालवलेल्या खडीच्या थराला) एवढ्याच तुकड्यासाठी सहा हजार लिटरच्या आत भागतं. मिलवाल्याचा हात त्या हिशेबाला बसलेला असतो. वर्षानुवर्षं त्याने व्हॉल्व्ह तेवढाच उघडलाय. त्याला नुसतं ‘पाणी जरा वाढव’ म्हणून चालत नाही, लिटरचा आकडा लिहून द्यावा लागतो.

पण हे सगळं पाणी मिलमध्येच घालायला गेलात तर दुसरीच अडचण उभी राहते. दाणे अजून प्यायलेले नसतात, त्यामुळे माल चिखलासारखा होतो. डंपरच्या फाळक्यातून राखाडी पाणी गळतं, सोबत बारीक चुरा वाहून जातो, आणि साइटवर खडी एकीकडे, गारा दुसरीकडे. तर काहीजण उलट करतात : कोरडाच थर पसरतात आणि वरून टँकर सोडतात. ते तर मुळीच करू नका. चुरा धुपून तळाला जातो, वर नुसते खडे उघडे पडतात, आणि खाली काळी माती असेल तर ती पाणी धरते. रोलर फिरला की थर गादीसारखा दबतो आणि उसळतो.

म्हणून खडी आदल्या संध्याकाळी ढिगातच भिजवायची. उंच शंकू असेल तर पाणी बाजूने ओघळून जातं आणि पोट कोरडं राहतं. जेसीबीने ढीग दीड मीटर उंचीपर्यंत पसरवा, वर छिद्रांचा पाइप किंवा स्प्रिंकलर दोन-तीन तास चालू ठेवा, एकदा माल खालीवर करा, पुन्हा पाणी द्या आणि ताडपत्री घाला. सकाळी ढिगाच्या मधल्या भागातले चार-पाच खडे फोडा. गाभा गडद असेल तर मिलकडे माल जाऊ द्या. फिकट असेल तर त्या दिवसाचं काम दुपारवर ढकला, त्याने काही बिघडत नाही. मिलमध्ये मग फक्त वरचं तीन-चार टक्के पाणी घालायचं उरतं. डंपरवर ताडपत्री हवीच, विशेषतः फेब्रुवारी ते मे.

पाणी जमलं तरी आकडे जुळत नसतील तर

लॅबमधल्या आणखी दोन जागा बघा. मॉर्टर प्रॉक्टरच्या ४.९ किलोच्या ठोकणीखाली फुटतं. एकाच नमुन्यात पाणी वाढवत वाढवत पाचही पॉइंट काढले तर पाचव्या पॉइंटला तो मूळचा माल राहिलेलाच नसतो, बारीक झालेला असतो. आलेली एमडीडी साइटच्या मालाची नसते. फुटणाऱ्या मालासाठी प्रत्येक पॉइंटला नवा नमुना घ्यायचा, हे आयएस २७२० च्या भाग ८ मध्येच आहे. माल जास्त लागतो म्हणून टाळलं जातं, एवढंच.

दुसरी जागा म्हणजे ओलावा मोजण्याची घाई. साइटवर गॅस पेटवून तव्यात नमुना भाजण्याची पद्धत आहे. दगडाच्या खडीला ती चालून जाते. सिमेंटच्या लगद्यात मात्र रासायनिक बांधणीत अडकलेलं पाणीही असतं आणि तवा ११० अंशांच्या पुढे गेला की तेही सुटू लागतं. आकडा फुगतो. धरा की ओली डेन्सिटी २.१५ आहे आणि खरा ओलावा ९ टक्के. कोरडी डेन्सिटी १.९७, म्हणजे २.०१ च्या हिशेबाने ९८ टक्के, पास. तव्याने ११ टक्के दाखवले तर तीच १.९४ होते, साडेशहाण्णव टक्के, फेल. थर चांगला असून तुम्ही तो उखडायला निघता. कार्बाइडच्या रॅपिड मीटरचं उलटं आहे : त्यात नमुना इवलासा, तोही बारीक मालाचा, आणि जाड दाण्याच्या पोटातलं पाणी त्याला कळत नाही. आकडा कमी येतो आणि न बसलेला थर पास होतो. ते जास्त धोक्याचं. ओव्हन, १०५ ते ११० अंश, वजन स्थिर होईपर्यंत. निकाल दुसऱ्या दिवशी मिळाला तरी चालेल.

आता निकालांची वही उघडा आणि साखळीनुसार, म्हणजे रस्त्याच्या लांबीवरच्या क्रमाने, वाचा. एका तुकड्यात ९३, पुढच्यात १०२, मग पुन्हा ९३, असं दिसतंय? मग रोलरला हात लावू नका, तुमच्या मालाचे लॉट मिसळलेत. जुन्या रस्त्याच्या स्लॅबची खडी जड असते. इमारतीच्या राडारोड्यात विटा, प्लास्टर, लादीचे तुकडे आले की माल हलका होतो. दोघांना एकच एमडीडी लावली की हलका माल कितीही दाबला तरी फेल, आणि जड माल न दाबताच पास. १०२ टक्के पाहून आनंद मानणारे खूप भेटतात. मला तो आकडा ९३ पेक्षा जास्त छळतो. क्रशरवरच ढीग वेगळे ठेवायला सांगा, प्रत्येक लॉटची स्वतंत्र प्रॉक्टर करा आणि कोणता लॉट कुठल्या साखळीत पडला ते नोंदवा.

रोलरचा दोष असतो तेव्हा तो वेगळा दिसतो. चार-सहा पासपर्यंत डेन्सिटी चढते, पुढे थांबते, आणि पृष्ठभागावर पिठासारखी पांढुरकी भुकटी दिसू लागते. म्हणजे आता माल बसत नाही, फुटतोय. जास्त अॅम्प्लिट्यूडचे व्हायब्रेशन त्यावर चालवत राहिलात तर चुरा वाढत जातो आणि पुढे पाण्याचा निचरा मरतो. ट्रायल स्ट्रिपवर चार, सहा, आठ, दहा पासनंतर डेन्सिटी काढा, रेष सपाट होते तिथे थांबा, शेवटचे पास व्हायब्रेशन बंद करून द्या. दाबलेल्या थरातला नमुना चाळून मूळ ग्रेडिंगशी (दाण्यांच्या आकारांच्या प्रमाणाशी) ताडून बघा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढचे महिने वाचवतं.

पावसानंतर येणाऱ्या दोन तक्रारी

डेन्सिटी पास झाली, रस्ता झाला, आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर निचऱ्याच्या पाइपच्या तोंडाशी पांढरा, कडक थर साचला. हा चुनाच. सिमेंटच्या लगद्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळतं, बाहेर येऊन हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं. अमेरिकेत मिनेसोटासारख्या राज्यांत जुने काँक्रीट रस्ते फोडून बेसला वापरले गेले तेव्हा हाच त्रास झाला आणि त्यावर तिथे बरंच संशोधन झालं. निचऱ्याचा पाइप आणि त्याच्याभोवतीची जिओटेक्स्टाइल जाळी यामुळे बुजू शकते. उपाय नंतर करण्यापेक्षा आधी सोपा आहे : निचऱ्याचा थर आणि पाइपभोवतीची चर काळ्या दगडाचीच ठेवा, काँक्रीटच्या खडीतला ४.७५ मिमीखालचा चुरा कमी करा, आणि तिचं पाणी जाळीतूनच गाळून जाईल अशी रचना टाळा. सुरुवातीला या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत असतो. विहिरीला, शेततळ्याला लागून काम असेल तर तिथे ही खडी मी सुचवत नाही. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा अॅल्युमिनियमचे पाइपही तिच्या संगतीत ठेवू नयेत.

दुसरी तक्रार क्वचित येते, पण आली तर भारी पडते : थर फुगून रस्ता वर उचलला जातो. पीओपीची सीलिंग, जिप्समचं प्लास्टर राडारोड्यात आलं की सल्फेट येतं. जमिनीतल्या किंवा भूजलातल्या सल्फेटनेही हेच होतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या हॉलोमन हवाई तळावर फोडलेलं काँक्रीट भरावाला वापरल्यावर असाच फुगवटा आला आणि तपासात सल्फेटचा हल्ला निघाला. त्यामुळे पीओपी दिसणारा माल क्रशरवर चढण्याआधीच हाताने वेचून काढावा लागतो, क्रशर झाल्यावर तो चुऱ्यात मिसळून दिसेनासा होतो. वेचणाऱ्या बायकांना हातमोजे आणि मास्क द्या, हेही इथेच सांगतो. ती धूळ फार वाईट असते.

फेल झालेला थर आता काय करायचा

किती दिवस झाले, त्यावर अवलंबून. या खडीच्या चुऱ्यात थोडं न भिजलेलं सिमेंट उरलेलं असतं, त्यामुळे थर दिवसागणिक थोडा थोडा धरत जातो. एक-दोन दिवसांच्या आत असाल तर ग्रेडरने पूर्ण जाडीत मोकळा करा, हलकं पाणी देऊन रात्रभर झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोलर घ्या. पण मोकळ्या मालाचा नमुना आधी चाळा. चुरा हद्दीबाहेर गेला असेल तर जाड बेसाल्ट मिसळल्याशिवाय पुन्हा दाबण्यात अर्थ नाही. आठवडा-पंधरवडा उलटून थराने पकड घेतली असेल तर घाईने उखडू नका. उखडलं की ती पकड मोडते आणि हातात भुकटी उरते. आधी ओलावा आणि एमडीडी दोन्ही वरच्या पद्धतीने पुन्हा काढा, प्लेट लोड टेस्ट (थर भार किती सोसतो ते बघणारी) घ्या आणि डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरसमोर ते आकडे ठेवा.

आमच्या सर्व्हिस रोडचा शेवटचा तुकडा टाकून एकच दिवस झाला होता, म्हणून तो वाचला. २०० मीटर मोकळा केला, भिजवला, झाकला. सकाळी मामांनी आठ पास दिले, शेवटचे दोन व्हायब्रेशनशिवाय. दुसऱ्या दिवशी ओव्हनचे आकडे आले तेव्हा सगळ्यात कमी डेन्सिटी १.९८ होती, साडेअठ्ठ्याण्णव टक्के. तेव्हापासून आमच्या लॅबच्या रजिस्टरमध्ये ओलाव्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे : माल भिजवायला घेतला ती वेळ.